निमोण्यातल्या एका घराला लेबलं लावण्याची कार्यपद्धती

जगात कुठलीही वस्तू हरवत नाही; तिची फक्त नोंद नसते. हे सत्य मला साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर उमगलं. ज्यांना ते उमगत नाही ते लोक आयुष्यभर उशा उचलून चष्मा शोधत बसतात, आणि चष्मा त्यांच्या कपाळावर असतो. पाटसला माझ्या स्टोअरमध्ये बेअरिंगपासून बादलीच्या कडीपर्यंत नऊ हजार दोनशे सोळा वस्तू होत्या. प्रत्येकीला खण, खणाला नंबर, नंबराला कार्ड. गाळप ऐन भरात असताना मिलचा फिटर धापा टाकत आला, तरी मी खुर्चीतून न उठता नुसतं बोट दाखवायचो. (फिटर लोक साहेबाला घाबरत नसत, या बोटाला घाबरत.)

निवृत्त होऊन निमोण्याला घरी आलो, तेव्हा असं निदर्शनास आलं, की घर ही संस्था संपूर्णपणे विनानोंद चालू आहे. नोकरीत सीझनभर मी पाटसलाच क्वार्टरवर असायचो, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळं हा गैरप्रकार इतकी वर्षं माझ्या नजरेआड राहिला. जिरं बिस्किटाच्या डब्यात. सुया-दोरा मिठाईच्या डब्यात. मिठाई कुठंच नाही. रेशनकार्ड गादीखाली, विळा पंख्याच्या खोक्यात, आणि पंख्याची गॅरंटी देवाच्या फोटोमागं. हे सगळं कुठं आहे याची नोंद एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे माझी पत्नी सरूबाई हिच्या डोक्यात. आणि डोकं हे रजिस्टर म्हणून कुठल्याही तपासणीत ग्राह्य धरत नाहीत.

कुठलंही काम करण्याआधी पाहणी करावी लागते. मी तीन दिवस सोप्यात वही घेऊन बसलो आणि "कुठंय?" या मथळ्याखाली सरूबाईला किती हाका पडतात ते मोजलं. दिवसाला सरासरी चौसष्ट. पैकी मुलगा सत्यजीत अठरा, सूनबाई वैष्णवी तेरा, पाचवीतली नात सायली बारा, शेजारचे हौसराव तीन (ते आमचा पाना आमच्याच घरी शोधायला येतात). उरलेल्या अठरा हाका कुणाच्या, ते तपासाअंती निष्पन्न झालं नाही, कारण तपास करणारा मी एकटाच होतो.

या चौसष्ट हाकांना सरूबाई मान वर न करता उत्तर द्यायची. "दाराच्या मागं, खुंटीला, निळ्या पिशवीत." उत्तर कधी चुकायचं नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. पण कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला यात वेगळंच दिसतं. सगळं घर एका बाईवर चालतंय. उद्या ती आजारी पडली तर घर बंद पडेल. याला धोका म्हणतात. (ती आजारी पडली तर तिचं काय, हा मुद्दा धोक्याच्या व्याख्येत बसत नाही.)

सत्यजीत रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. त्याला हे लगेच पटलं. त्यांच्या कंपनीत पाच एस नावाची जपानी पद्धत चालते. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, रोज तसंच करा, आणि करत राहा. आमच्या आज्या याला नुसतं "आवरा" म्हणायच्या, त्यामुळं त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. सत्यजीतनं सांगितलं की या पद्धतीचा पाया लेबल आहे, आणि लेबलाचा पाया हातात धरायचं लेबल मशीन. आम्ही दोघांची निवड समिती नेमली.

लेबल मशीन दोन जातींचं येतं. पहिलं बटणांचं. कंडक्टरच्या तिकीट मशीनएवढं, हातात घट्ट बसणारं, बटणं दाबली की कुर्रर्र करून बारा मिलिमीटर रुंदीची चिकटपट्टी बाहेर. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं निघतात. दुसरं मोबाईलवर चालणारं. त्यात मराठी निघतं, फुलं निघतात, नक्षी निघते. पण त्याआधी ते मोबाईलवर तुमचं ठिकाण विचारतं. हळदीचं लेबल छापायला निमोणं कुठं आहे हे कशाला कळायला हवं, या मुद्द्यावर समितीचं एकमत झालं आणि दुसरी जात बाद ठरली.

तरीही रीतीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला. निकष अकरा होते. वजन, पकड, बटणांचा ठसठशीतपणा, सेल किती दिवस जातात, पट्टी कापायचं पातं, पट्टी तालुक्याला मिळते का, पाण्यानं अक्षर पुसतं का, तेलाच्या डब्याला चिकटतं का, छपराएवढ्या उंचीवरून पडलं तर फुटतं का, दिसायला कसं आहे, आणि सत्यजीतच्या कंपनीत कुठलं वापरतात. बटणांच्या मशीनला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण पडले. लेबल वाचणार कोण, हा निकष त्यात नव्हता. तक्त्यात बाराव्या निकषाला रकाना उरला नव्हता.

सरूबाई केंदूरच्या शाळेत मराठी चौथी झालेली आहे. मशीन घरी आलं तेव्हा तिनं ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि यावर मराठी येतं का, एवढंच विचारलं. सत्यजीत म्हणाला, आई, इंग्रजी सगळ्या जगात चालतं. सरूबाई म्हणाली, आपलं मीठ जगात कुठं जायचंय? या प्रश्नाची नोंद घेतली गेली आणि तो निकाली काढण्यात आला.

नवीन मशीन वापरायची सुरुवात त्या मशीनलाच लेबल लावून करायची असते. इंग्रजीत 'लेबल मशीन' असं छापून मी त्याच्या पाठीवर चिकटवलं. नंतर हात बसला. पहिल्या आठवड्यात दोनशे सदुसष्ट लेबलं झाली. अनुभवान्ती काही बाबी नमूद करतो, नवीन घेणाऱ्यांना उपयोगी पडतील. प्रत्येक लेबलाआधी मशीन इंचभर पट्टी कोरी सोडतं. का सोडतं ते पुस्तिकेत नाही. (सरकारी पत्रातही मजकुराआधी एवढीच जागा कोरी असते, विचारणारे आपण कोण?) तेलकट डबा आधी राखेनं घासून घ्यावा. गॅसच्या जवळ लेबल लावू नये; आमचं हळदीचं लेबल आठ दिवसांत उष्णतेनं काळंठिक्कर पडलं, हळद मात्र पिवळीच राहिली.

काय काय लेबलं झाली? दार. दुसरं दार. खिडकी. बटण (पंखा). बटण (दिवा). बटण (चालत नाही). दळणाचा डबा, दळणाची पिशवी, दळणाच्या पिशवीची खुंटी. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळ. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, संध्याकाळ. हौसरावांनी उसना न्यायचा पाना. देव्हाऱ्यात खंडोबाला लेबल लावायचं नाही असं सर्वानुमते ठरलं. त्याच्या पाटाला लावलं.

मग सत्यजीतनं सुचवलं, की डबे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावले तर शोधायचा वेळ आणखी वाचेल. रविवारी आम्ही बापलेकानं फळी रिकामी केली आणि ए पासून लावत आणली. ए ला अजवाइन म्हणून ओवा, बी ला बेसन, सी ला चहा. मीठ एम मध्ये ठेवायचं की सॉल्ट म्हणून एस मध्ये, यावर दोन तास बैठक चालली. वैष्णवी शिरूरला एका लॅबमध्ये कामाला असते, रविवारचा दिवस तिला विश्रांतीचा. तिनं दोन तासांनी आतून विचारलं, की आमटीत मीठ घालू का बैठक संपू देऊ. मीठ एम मध्ये गेलं.

सोमवारी सकाळी तो ऐतिहासिक प्रसंग घडला. सरूबाई फळीसमोर उभी राहिली, एक डबा उघडला, झाकला, दुसरा उघडला, झाकला, आणि वळून मला म्हणाली, "अवं, मीठ कुठंय?"

अडतीस वर्षांच्या संसारात तिनं मला पहिल्यांदा "कुठंय" विचारलं होतं. खोटं कशाला बोलू, मला धन्य वाटलं. मी खुर्चीतून न उठता बोट दाखवलं.

सुरुवातीला किरकोळ अडचणी आल्या. सरूबाईचा हात जुन्या जागेवर जायचा. पूर्वी मीठ जिथं असायचं तिथं आता साखर होती, आणि तिनं बाजारातून आणलेली मिठाची पुडी साखरेच्या डब्यात रिकामी केली. संध्याकाळी चहा आला. सत्यजीतनं अर्धा कप घेतला, थांबला, उठून डब्यावरचं लेबल वाचून आला, लेबल साखरेचंच आहे याची खात्री केली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मीही प्यालो. पद्धतीवर विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवावा लागतो. त्रुटी अहवालात कारण म्हणून "सरूबाई" असं लिहून आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. तिनं तो अहवाल बघितला नाही. तिनं नंतर डब्यांना हात लावायचंच सोडलं. सकाळचा स्वयंपाक वैष्णवी लेबलं वाचून भराभर उरकू लागली आणि आठच्या गाडीनं शिरूरला जाऊ लागली.

आता हाकांची आकडेवारी देतो. पहिल्या आठवड्यात चौसष्टवरून एकेचाळीस. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात दोन (दोन्ही हौसराव, पान्यावर लेबल असूनही त्यांना हाक मारायला आवडतं). हौसरावांना समज दिल्यावर शून्य. कारखान्यात गेटवर बोर्ड असतो, "सलग इतके दिवस अपघात नाही". तसा बोर्ड सत्यजीतनं सोप्यात इंग्रजीत लावला: "सलग इतके दिवस हाक नाही". रोज सकाळी मी आकडा बदलायचो. दहाव्या दिवशी पेढे आणले. सरूबाईनं पेढा घेतला, कशाचा म्हणून विचारलं. सायलीनं तिला वाचून दाखवलं. ती बरं म्हणाली आणि पेढा ताटलीत ठेवून मागं गेली.

मागं म्हणजे जुन्या गोठ्यात. ही जागा पाच एस मधली फार महत्त्वाची जागा असते, तिला लाल टॅग विभाग म्हणतात. नियम सोपा आहे. तीस दिवसांत जिची कुणी मागणी केली नाही अशा वस्तूवर लाल पट्टी लावायची, तिच्यावर वस्तूचं नाव, शेवटच्या मागणीची तारीख आणि शेरा लिहायचा, आणि ती या विभागात आणून ठेवायची. पुढं काय करायचं ते वरिष्ठ ठरवतात. (आमच्या घरात वरिष्ठ मीच.) या नियमानं जातं गेलं, पाटा-वरवंटा गेला, शेवयाचं मशीन गेलं, दोन सुपं, उखळ, आणि सरूबाईला तिच्या आईनं लग्नात दिलेली पत्र्याची ट्रंक गेली. शेवयाचं मशीन वर्षातून एकदाच लागतं, म्हणून तर ते वर्षभर जपायचं, असं तिचं म्हणणं होतं. पण नियमात वर्ष नाही, तीस दिवस आहेत.

दुपारची ती तिथंच जाऊन बसू लागली. तिथल्या सगळ्या वस्तू तिला न वाचता ओळखू येत होत्या.

महिनाअखेरीस सत्यजीतनं तपासणी ठेवली. हातात तक्ता, कानावर पेन, मागून मी रजिस्टर घेऊन. घरात एकही त्रुटी निघाली नाही. गोठ्यात गेलो तर लाल टॅग विभागात ट्रंकेवर एक व्यक्ती बसलेली आढळली, जिला टॅग नव्हता. सत्यजीत तक्त्याकडं बघत राहिला. त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. आम्ही दोघंच उरलो.

तिनं ट्रंकेवरच्या पट्टीवर बोट ठेवून यावर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं. मग नियम विचारला. मी नियम सांगितला. नियम सांगताना माझा आवाज आपोआप ठणठणीत होतो. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं.

"मला कुणी काय इचारून एकतीस दिस झालं," ती म्हणाली. "माझी बी पट्टी काढा."

इथं एखादा शहाणा माणूस हसला असता. त्याहून शहाणा माणूस तिच्या शेजारी बसला असता. मी रजिस्टर उघडलं. पानं मागं पलटली, तारखा तपासल्या. बरोबर होतं, एकतीस. चौतीस वर्षांच्या नोकरीत कागद बरोबर असताना मी कुणालाही माघारी पाठवलेलं नाही. मशीनमध्ये लाल पट्टी होतीच. वस्तू: सरूबाई. शेवटची मागणी: गेल्या महिन्याची तीस तारीख. शेरा: कोरा. मी छापली आणि कापून तिच्या हातात दिली.

तिनं ती पट्टी उन्हात धरून बघितली, ट्रंकेतून पिशवी काढली, पिशवीवर ती नीट, कोपरे दाबून चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं केंदूरला भावाकडं निघून गेली. जाताना काय कुठं ठेवलंय ते कुणाला सांगायची तिला गरज पडली नाही. हेच तर आम्हाला साधायचं होतं.

घर उत्तम चाललं. हे मी कुठलीही अतिशयोक्ती न करता लिहितो. दूध उतू गेलं नाही, गॅस संपला तर भरलेल्या टाकीवर "भरलेली" असं लेबल होतं. पुढच्या तपासणीत शंभरपैकी शंभर. फक्त वैष्णवीनं एकदा पोळी लाटता लाटता थांबून मला विचारलं, "मामा, आत्यांना तुम्ही खरंच पट्टी छापून दिली?" मी म्हटलं, नियमात होतं. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिला माझ्याशी बोलायची गरजही पडली नाही, कारण सगळं लिहिलेलं होतं. सत्यजीत कंपनीतून आला की आधी गोठ्यात डोकावून यायचा आणि उगाच ट्रंकेवरची धूळ पुसायचा. एका सकाळी सायली कंगवा घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि "आज्जी, माझी वेणी" म्हणून ओरडली. कंगव्यावर कंगवा असं लेबल होतं. मी रजिस्टरमध्ये नोंद केली: हाक एक, घेणारा नाही. सोप्यातल्या बोर्डावरचा आकडा शून्य करावा लागला.

आता माझं सांगतो. मी आजवर फक्त तिला पडणाऱ्या हाका मोजल्या होत्या. ती मला जे विचारायची त्याला रजिस्टर नव्हतं, कारण ते मला कटकट वाटायचं. जेवलात का? गोळी घेतली का? उन्हाचं कुठं निघालात? घसा का खवखवतोय? ती गेल्यावर गोळी मी लेबल वाचून वेळेवर घेत होतो. ताट वाढलेलं असायचं, त्यावर झाकण, झाकणावर लेबल: आप्पा, म्हणजे मी. एक दिवस पाच वाजता मला ठसका लागला, आणि ध्यानात आलं की आज दिवसभरात माझ्या घशातून निघालेला हा पहिला आवाज. मला फार वाईट वाटलं. अहवालात हे बसत नाही, पण वाटलं. मग सवयीनं हिशेब केला, मला शेवटचं कुणी काय विचारलं होतं त्याचा. वैष्णवीचा तो पट्टीचा प्रश्न. अठरा दिवस झाले होते. नियमाप्रमाणे माझ्या हाती बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी केंदूरला गेलो. शिरूरला गाडी बदलली, शिक्रापूरला बदलली. मोकळ्या हातानं जाणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून खिशात सात प्रश्नांची यादी घेतली होती. बाईला परत आणायचं तर तिला विचारण्यासारखं काहीतरी पाहिजे, आणि घरात विचारण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. अख्खी रात्र डोकं खाजवून सात काढले होते.

मेव्हणे भिमाजी अंगणातच भेटले. या दाजी म्हणाले, पाणी दिलं, माझं तोंड बघितलं आणि मोटार चालू करायचं निमित्त काढून मळ्यात गेले. सरूबाई ओसरीवर लसूण निवडत बसली होती. मी समोर बसलो. ती जेवलात का म्हणाली नाही. प्रवासात तेवढंच एक घोकत आलो होतो, की ती जेवलात का म्हणेल आणि मी नाही म्हणेन.

मी यादी काढली. कुरडयांचा डबा सापडत नाही, म्हटलं. "के मधी बघा," ती म्हणाली, मान वर न करता. लोणच्याला बुरशी आल्यासारखं दिसतंय. "बरणीच्या तोंडाचा दादरा बदला, धुतलेलं फडकं बाहेरच्या पितळीत हाय." अशा सहा प्रश्नांची सहा उत्तरं तिनं लसणाच्या सहा पाकळ्यांत उडवली. सातवा उरला. मी यादी घडी करून खिशात घातली आणि तोंडीच विचारलं, कधी येतेस?

"कशाला?" ती म्हणाली.

या शब्दाला माझ्याकडं खण नव्हता. मी मग मोठ्या मनानं सांगितलं, की लेबलं सगळी काढून टाकतो. दोनशे सदुसष्टच्या दोनशे सदुसष्ट. डबे होते तसे लावू. पुन्हा सगळे तुलाच विचारतील, दिवसाला चौसष्ट वेळा, वाटलं तर जास्त. तिला कुणी विचारत नाही याचंच दुःख आहे, असा माझा पक्का निष्कर्ष होता. कुणीही हाच काढला असता.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"लेबलं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बरी हायती. माझ्या मागचा तरास गेला. आधी इचारत व्हता ते तरी काय इचारत व्हता? टावेल कुठंय, पाना कुठंय, चष्मा कुठंय. अडतीस वर्सं मी तुमच्या घराचं कार्ड व्हते. काम झालं, कार्ड परत खणात. कार्डाला कुणी इचारतं का, तुला काय पायजे?"

मी स्टोअरकीपर. चौतीस वर्षं खिडकीच्या या बाजूला बसून मी दिवसातून शंभर वेळा हाच प्रश्न विचारला. फिटरला, वेल्डरला, बॉयलरवाल्याला, ऊस तोडायला आलेल्या बीडच्या माणसांना, हिंदीत बोलणाऱ्या बिहारच्या पोरांना. "काय पाहिजे?" मला तो प्रश्न तोंडपाठ होता. घरी मात्र तो कधी आणलाच नव्हता. मी ओसरीवर समोरासमोर बसून माझ्या बायकोला विचारलं, तुला काय पाहिजे?

"मला काय पायजे असणार? काय नको," ती फटकन म्हणाली, आणि सूप परत ओढलं.

मी पेन काढून लिहायला घेतलं. तेवढ्यात तिचा हात लसणावर थांबला.

"थांबा," ती म्हणाली. "ते सवयीनं गेलं तोंडातनं. ते लिवू नका."

मी पेन वर उचललं. ती समोरच्या बांधाकडं बघत बसली. मोटार चालू झाल्याचा आवाज आला, भिमाजी परत येऊन हात धुऊन आत गेले, तरी ती तशीच. शेवटी जरा ओशाळून म्हणाली, "आठवंना. कवा कुणी इचारलंच न्हाई, तर एकदम कसं आठवंल? इचार करून सांगते. तवर ऱ्हाते हितंच."

मी संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत आलो. त्याला आज एकोणीस दिवस झाले. रोज सहा वाजता मी फोन करतो आणि विचारतो, आठवलं का? पहिल्या आठवड्यात रोज नाही म्हणायची. दहाव्या दिवशी म्हणाली, एक आठवलं, पण सांगत न्हाई, आधी सगळी होऊ द्या. पंधराव्या दिवशी पाच झाली होती. काल म्हणाली, पाठ राहात नाहीत, येताना एक वही घेऊन या, चांगली दोनशे पानी. घरी परत येणं हे त्या यादीत आहे की नाही, हे विचारायचं माझं धाडस झालेलं नाही. वही आणून ठेवली आहे. तिच्यावर लेबल लावलेलं नाही.

सदर कार्यपद्धती ज्यांना आपल्या घरी राबवायची असेल त्यांनी मशीन खुशाल घ्यावं, बटणांचंच घ्यावं, चांगलं आहे. फक्त त्याआधी घरात जाऊन घरच्या बाईला तो एक प्रश्न विचारून यावा. त्याला सेल लागत नाहीत. तुम्हाला उत्तर लगेच मिळेल, फटकन मिळेल, आणि ते "मला काही नको" असंच असेल. ते उत्तर नव्हे, लेबल आहे. तिच्या आईलाही तेच होतं, तुमच्या आईलाही तेच होतं, आणि तुम्ही ते इतकी वर्षं वाचून, डबा न उघडता, निर्धास्त पुढं गेला आहात. माझी अडतीस वर्षं झाली होती. तुमची किती झाली, ते तुम्ही मोजा.